ठिबकवाल्यांचा मेंढपाळ

इतक्या मऊ आवाजात शहरं जाळताना मी आमच्या सिस्टरशिवाय दुसऱ्या कुणाला ऐकलेलं नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, गावापासून बसनं तासाभरावर. आठवड्यातून एकदा शेवटच्या तासाला मूल्यशिक्षण असायचं आणि त्यात सिस्टर आम्हाला बायबलमधल्या प्राचीन इब्री संदेष्ट्यांच्या गोष्टी सांगायच्या. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप घेऊन येणारा माणूस, आणि निरोप बहुतेक वेळा वाईटच असायचा. टोळधाड येणार, वेशी जळणार, राजवाडे पडणार. डबा खाल्ला का, असं विचारावं त्या सुरात सिस्टर हे सगळं सांगायच्या. मुली तोवर दप्तरं भरायला लागलेल्या असायच्या. मी मात्र ऐकत राहायचे, कारण ऐकणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही.

त्यांतला एक मला विशेष आवडायचा. तो मुळात मेंढपाळ. त्याला देवानं एकदा पिकलेल्या फळांची टोपली दाखवली आणि सांगितलं, या लोकांची वेळ भरली. सिस्टरना ती उपमा समजावून सांगावी लागली नाही. टोमॅटो तोडायला एक दिवस उशीर झाला की काय होतं, हे आमच्या अख्ख्या वर्गाला घरून माहीत होतं.

पुढं पुण्यात एम.ए. करताना प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. या संदेष्ट्यांच्या बोलण्यात देवाचा न्याय कसा येतो, तो आधी कुणावर येतो, कशासाठी येतो. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, घरी कुणी ख्रिश्चन आहे का. मी म्हटलं, नाही, घरी खंडोबा आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

एम.ए. झाल्यावर मी प्राध्यापकपदाच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी गावी परतले. तात्पुरती, असं मी म्हणत होते. गाव काहीच म्हणत नव्हतं, फक्त दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारायचं, "हाईस का अजून?"

आमचं शेत निरगुडसरच्या अलीकडं, कालव्याच्या खाली. त्याला लागूनच धाकट्या चुलत्यांचं. मधे एक बांध. वाटण्या झाल्या तेव्हा त्या बांधावरून बैलगाडी जायची असं सांगतात. मला आठवतं तेव्हापासून त्यावरून एक माणूस जायचा. गेल्या वर्षी त्यावरून फक्त मांजर जात होतं, तेही विचार करून.

हे एका दिवसात झालेलं नाही. बांध कोरणं हे आमच्याकडं कुणी चोरी म्हणून करत नाही. दर नांगरटीला ट्रॅक्टरवाल्याला फक्त एवढंच सांगायचं, "जरा चिकटून घे, भाऊ." तो चिकटून घेतो. मग पलीकडच्या नांगरटीला पलीकडचा तेच सांगतो, आणि ट्रॅक्टरवाला दोन्हीकडं एकच असतो. हद्दीचा दगड कधी या बाजूला कललेला दिसायचा, कधी त्या. गेल्या पावसाळ्यात तो बांध मधेच फुटला, चुलत्यांच्या रानातलं पाणी आमच्या कांद्यात आलं, आणि त्यावरून दोघा भावांनी एकमेकांना जे बोलायचं होतं आणि जे बोलायचं नव्हतं, ते सगळं एकाच दुपारी बोलून घेतलं. त्यानंतर बोलणं बंद.

पुरुषांचं बंद झालं त्यानं फारसं बिघडलं नाही, कारण ते आधीही पाण्याची पाळी सोडून फारसं बोलत नव्हते. बिघडलं ते आईचं. आई आणि काकू दोघी लोणीच्या, एका आळीतल्या, एका वर्गातल्या. आईचं लग्न आधी झालं, आणि धाकट्या दिरासाठी तिनंच हट्टानं आपली मैत्रीण सुचवली. जाऊ म्हणून मैत्रीणच आणायची, असा तिचा बेत होता आणि तो वीस-बावीस वर्षं छान चालला होता. आता दोन्ही घरांतून हुकूम सुटला की बायकांनीही बोलायचं नाही.

त्यावर दोघींनी म्हशी शोधून काढल्या. म्हणजे म्हशी आधीपासून होत्या, पण आता त्यांच्याशी बोलणं वाढलं. आई धार काढताना मोठ्यानं म्हणायची, "बाई गं, गुडघा लई दुखतोय, काल डॉक्टरनं गोळ्या दिल्यात." पलीकडच्या गोठ्यातून काकू आपल्या म्हशीला सांगायची की त्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नये, पित्त होतं. आईच्या म्हशीला लोणीच्या सगळ्या बातम्या कळायच्या. पण म्हशीशी बोलताना हसता येत नाही, आणि रडता तर मुळीच येत नाही. संध्याकाळी आई गोठ्यातून आत यायची तेव्हा तिचा चेहरा अर्धवट जेवून उठलेल्या माणसासारखा असायचा.

माझे वडील मोठ्या आवाजाचे आहेत. ते कुणाच्या कानात काही सांगतात तेव्हा ते रस्त्यावर ऐकू जातं. मी त्यांची मुलगी आहे यावर नवीन माणसाचा विश्वास बसत नाही. एक दिवस अंगणात कांदा निवडताना त्यांनी सहज विचारलं, तू पुण्याला एवढं काय शिकलीस. मी सांगायला लागले. टोळांपाशी त्यांनी जांभई दिली. राजवाड्यांपाशी दुसरी. मग मी म्हटलं की हे संदेष्टे जमिनीबद्दलही बोलतात, शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना आणि हद्दीचे दगड सरकवणाऱ्यांना ते फार कडक शब्द वापरतात.

वडिलांच्या हातातला कांदा थांबला.

"म्हंजे बांध कोरणाऱ्यावर देवाचा कोप व्हतो, असं तिथं हाय?"

"साधारण तसंच."

"कुठले म्हणालीस हे लोक?"

"आत्ता इस्रायल आहे ना, त्या भागातले. फार जुने."

वडील ताठ बसले. "ठिबकवाले?"

आमच्या तालुक्यात इस्रायल म्हटलं की माणसं देवाधर्माचा विचार करत नाहीत, ठिबक सिंचनाचा करतात. आमच्या गावातले एकजण अभ्यासदौऱ्यावर तिकडं जाऊन आले आहेत आणि ते अजूनही प्रत्येक वाक्य "तिकडं कसं असतंय" असं सुरू करतात. ज्या लोकांनी पाण्याच्या थेंबाथेंबाचा विचार केला, त्यांनी देवाचा विचार चुकीचा केला असेल हे वडिलांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी मला पुढं सांगायला लावलं. मी त्या मेंढपाळाचं सांगू लागले. तो आधी शेजारच्या राज्यांचे अपराध एकेक करून मोजतो. यांनी माणसं विकली, यांनी भावाला तलवार दाखवली, यांनी हद्द वाढवण्यासाठी काय काय केलं. प्रत्येकाची शिक्षा ठरलेली. ऐकणारे लोक खूश, कारण सगळे शेजारीच. भावाला तलवार दाखवणाऱ्यापाशी वडिलांनी मांडीवर थाप मारली. तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला आणि ते उठून गेले. पुढचं सांगायचं राहिलं. खरं तर त्या माणसाची सगळी गंमत पुढंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दूध डेअरीवर वडिलांचं प्रवचन सुरू झालं. चुलते किटली घेऊन रांगेत दोन माणसं मागं उभे असायचे, त्यामुळं आवाज वाढवायचीही गरज नव्हती, तरी तो वाढायचा. वडिलांच्या सांगण्यात तो मेंढपाळ हळूहळू आपल्याकडच्या, मेंढरांचा वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगरासारखा झाला. त्याला घोंगडी आली, हातात काठी आली, आणि तो बांध बघून सांगू लागला की कोरलाय का नाही. लोक विचारायचे, हे कुणी सांगितलं. वडील म्हणायचे, पोरीनं शोध लावलाय. मी त्या दिवसांत दूध घालायला जाणं बंद केलं.

पाचसहा दिवसांनी वडील नारायणगावच्या बाजारात गेलेले असताना चुलते आले. वर्षभरात पहिल्यांदा. पायरीवर बसले, पाणी मागितलं, ते पिऊन झाल्यावर भांडं फिरवत बसले. त्यांचा आवाज वडिलांच्या निम्मा आहे, त्यामुळं लोक त्यांना गरीब समजतात.

"तुझ्या त्या ठिबकवाल्यांत," ते म्हणाले, "देवळाला देणग्या देणाऱ्यांचं काय हाय का?"

हे कुणाबद्दल होतं ते सांगायची गरज नव्हती. आमच्या खंडोबाच्या मंडपातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर वडिलांचं नाव आहे. पंखा फिरताना ते वाचता येत नाही, म्हणून उन्हाळ्यातही वडील देवळात गेले की पंखा बंद करतात.

मी प्रामाणिकपणे सांगितलं की आहे. तोच मेंढपाळ म्हणतो, देवाला तुमचे उत्सव नकोत, तुमची गाणी नकोत, तुमचे नैवेद्यही नकोत, त्याला न्याय हवा आहे, आणि तो भर पावसातल्या ओढ्यासारखा वाहता हवा.

"पंख्याचं म्हटलंय का?"

"पंख्याचं नाही, काका."

"तरी बसतंय," ते म्हणाले. मग त्यांनी वडिलांसारखं न उठता सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मेंढपाळ शेजाऱ्यांचं संपवून शेवटी कुणाकडं वळतो तेही ऐकलं, आणि ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला शंका आली, यांना नक्की काय समजलं. जाताना म्हणाले, "दादाला सांगू नको मी आलतो." वडिलांनीही मला बजावलं होतं की धाकट्याला यातलं काही सांगायचं नाही. गप्प राहणाऱ्या माणसाकडं सगळेजण गुपितं ठेवायला येतात. युद्धातल्या दोन्ही देशांना शस्त्रं विकणाऱ्या तिसऱ्या देशासारखी मी झाले होते, फक्त माझा काही फायदा नव्हता.

एव्हाना यात्रा जवळ आली होती. आमच्या गावात खंडोबाच्या पालखीचा पुढचा दांडा आमच्या घराण्याचा असतो. एका बाजूनं वडील, एका बाजूनं चुलते. मागच्या यात्रेच्या वेळी सगळं ठीक होतं. यंदा दोघं शेजारी उभे राहायला तयार नाहीत म्हटल्यावर देवस्थान कमिटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी निरोप पाठवला: दोघांनी देवळात यायचं आणि बेलभंडारा उचलायचा.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. देवासमोर ताटात बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवतात. ते हातात घेऊन माणूस जे बोलेल ते खरं धरायचं. खोटं बोलला तर पुढचं देव बघून घेतो. सरकारी मोजणीवर लोक अपील करतात. यावर करत नाहीत.

आदल्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. थापता थापता तिनं विचारलं, "तुझ्या त्या लोकांत, बाप खोटं बोलला तर पोराबाळांना लागतं का?"

मी सांगितलं की आधी ते तसंच मानायचे, पण नंतरचा एक संदेष्टा स्पष्ट म्हणाला, बापाचं पाप लेकाच्या डोक्यावर नाही, ज्याचं त्यानं भरायचं.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "बरं झालं. मग तुझ्या बापाचं तुझ्या बापाला." थोड्या वेळानं म्हणाली, "पण त्यानं काय व्हणार. एकानं उचललं की दुसरा खोटा पडला. खोटा पडलेल्या घराच्या बाईनं माझ्याशी बोलायचं कसं? आन् आपलंच घर खोटं पडलं तर मी कुठल्या तोंडानं जायाचं तिच्याकडं?"

मला प्रथमच कळलं की या खटल्यात आई दोन्ही निकालांत हरणार होती. माझ्या प्रकल्पात देवाच्या न्यायाचे बरेच प्रकार होते. हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. बायका एका खांबापाशी उभ्या. आई आणि काकू शेजारी शेजारी, पण तोंडं देवाकडं. मी त्यांच्या मागं, खांबाच्या सावलीत, जिथून मला सगळे दिसत होते आणि मी कमीत कमी लोकांना. अध्यक्ष म्हणाले, मी बांध कोरला नाही, एवढंच म्हणायचं. ज्याला म्हणायचंय त्यानं पुढं यावं.

वडील चुलत्यांना म्हणाले, तू उचल. चुलते म्हणाले, छे, दादा, तुम्ही थोरले, तुमचा मान पहिला. वडील म्हणाले, मी थोरला म्हणूनच तुला पहिली संधी देतो. वर्षभर तोंड न बघणारे भाऊ एकमेकांना इतका मान देताना पाहून लोकांना भरून आलं असतं, पण ताट तसंच होतं. भंडाऱ्यावर माशी येऊन बसली आणि उडाली.

शेवटी वडिलांनी मोठं शस्त्र काढलं. लोकांकडं वळले आणि मेंढपाळाची गोष्ट सुरू केली. मी मान्य करते, त्यांनी ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. शेजारची राज्यं त्यांच्या तोंडी आपल्या नदीपल्याडच्या गावांसारखी वाटत होती. पहिल्या राज्याला आग लागली तेव्हा लोकांनी माना हलवल्या. दुसऱ्याला लागली तेव्हा मागून कुणीतरी "असंच पायजे" म्हणालं. भावावर तलवार उचलणाऱ्याच्या वेळी वडिलांनी चुलत्यांकडं बोट नाही केलं, पण हात त्या दिशेनं बराच वेळ ठेवला. मग थांबले.

चुलते शांतपणे म्हणाले, "पुढचं सांगा की, दादा."

"पुढचं काय? संपलं."

"संपलं नाय. पोरीला इचारा."

देवळातली सगळी डोकी खांबाकडं वळली. वडील माझ्याकडं बघत होते, बाजारात आपलाच बैल दुसऱ्याच्या दावणीला दिसावा तसे. मला वाटलं, सांगावं की आठवत नाही. सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला असता. पण पुढं उभ्या असलेल्या आईची पाठ दिसत होती, आणि ती पाठ वाट बघत होती.

"शेजाऱ्यांचं झाल्यावर," मी म्हटलं, "तो मेंढपाळ वळला, आणि समोर बसून खूश होणाऱ्या आपल्याच माणसांना म्हणाला, आता तुमचं."

चुलत्यांनी समाधानानं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी चुलत्यांकडं पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर, बघ, तुझं निघालं, असा एकच भाव. मग दोघांनाही एकदम शंका आली.

अध्यक्षांनी कानामागं हात धरला. "कुणाचं म्हणाली? मोठ्याचं का धाकट्याचं?"

"सगळ्यांचं, आजोबा."

हे ऐकल्यावर देवळात जी शांतता झाली ती भक्तीची नव्हती. प्रत्येकाला शेत आहे आणि प्रत्येक शेताला बांध आहे. माणसं टोप्या नीट करू लागली. ठिबकचा दौरा करून आलेले गृहस्थ छताकडं बघू लागले. मागचा एकजण दूध घालायचंय म्हणून उठला, तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि डेअरी कधीच बंद झाली होती.

ताट अजून तिथंच. मग आई पुढं झाली.

"आणा इकडं. मी उचलते. मी रोज त्या बांधाकडंनं वैरण आणते. कोण कोण काय काय कोरतंय ते मला दिसतंय."

वडील म्हणाले, बायकांचं यात काय काम. आईनं पदर खोचला. तेवढ्यात काकू तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"एकटी नको उचलू," ती आईला म्हणाली. म्हशीला नाही, आईला. "मी बी धरते. निम्मं मी बघितलंय."

दोघींचे हात ताटाला लागायच्या आत वडील आणि चुलते एकाच आवाजात म्हणाले, "ठेवा खाली." एकत्र काही बोलायची त्यांची वर्षातली ही पहिलीच वेळ. अध्यक्षांनी ताट स्वतःकडं ओढून घेतलं, भंडारा सगळ्यांच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "झाला निवाडा. दोघांनी एक एक तास मागं सरकायचं." तास म्हणजे नांगराची एक रेघ. माझ्या प्रकल्पातल्या मानानं फारच स्वस्तात सुटका झाली होती. एकही वेस जळली नाही.

पण आमच्या घराण्यात कुणी नुसतं हरत नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी एका तासाऐवजी तीन तास सोडले, गावानं बघावं म्हणून. चुलत्यांनी चार. वडिलांनी ट्रॅक्टरवाल्याला परत बोलावलं. माझ्या समजुतीप्रमाणे तो एकच माणूस या सगळ्या प्रकरणात खरोखर सुखी होता. यात्रेपर्यंत त्या बांधाची रुंदी एवढी झाली की पालखी त्यावरून नेता आली असती. अजूनही तो तसाच आहे. त्यावर गवत माजलंय, आणि ते कुणाचंच नाही असं दोघंही मोठ्या मनानं सांगतात.

पालखी सरळ गेली. लोणीच्या यात्रेला आई आणि काकू एकाच जीपमधून गेल्या आणि येताना दोघींचे आवाज बसलेले होते.

परवा मी रानात गेले तर दोघी त्या रुंद बांधावर खुरपी बाजूला टाकून समोरासमोर बसल्या होत्या. मी मक्याच्या आड होते. काकू म्हणत होती, "एवढी शिकली, पर वर्षात एकदा तोंड उघडती. आन् उघडलं ते अख्ख्या गावाला झोडलं. हिला द्यायची कुणाच्या घरात?"

"शेत नाय अशा घरात," आई म्हणाली.

त्यावर काकू इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग तिनं माझ्या बोलण्याची, चालण्याची आणि चहा देताना कप बशीत वाजवण्याची नक्कल केली, आणि आईनं त्यात दोन गोष्टी दुरुस्त केल्या. मी पुढं होऊन काहीतरी म्हणायला हवं होतं. पण त्यांचं अजून बरंच बाकी दिसत होतं. मी पाय न वाजवता मागं फिरले आणि लांबच्या वाटेनं घरी आले.